कुलूपवाल्यांनाच कुलूप

१. प्रश्न

"साहेब, माझी आत्या इथे आत आलेली तुम्हाला का खपत नाही?"

केबिनमध्ये एकदम असा शुकशुकाट झाला की भिंतीवरच्या घड्याळानेही टिकटिक करायला लाजावं. विज्ञानाच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मुलींच्या घोळक्यातून कुणीतरी आनंदाने "हाय!" म्हटलं, आणि चष्मिषचा चेहरा पांढराफटक पडला. तिनेच तर बसमध्ये सगळ्यांसमोर पैज लावली होती, "म्यूट, तू हे मोठ्या साहेबांना तोंडावर विचार. विचारलंस, तर मी उद्या मधल्या सुट्टीत बाकावर उभी राहून कोंबड्यासारखी आरवेन."

म्यूट हे तिचं वर्गातलं नाव. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीलाही नुसता हात वर करायची. सुट्टीत काय झालं कोण जाणे, तिला तिचा आवाज सापडला. आणि नवी सायकल मिळालेलं पोर जसं कारण नसताना गल्लीत चकरा मारतं, तशी ती तो आवाज दिसेल तिथे चालवून बघत होती. नाव मात्र तेच राहिलं. आता तर ते ऐकून लोक जास्तच हसायचे.

सकाळी निघताना बाबांनी बजावलं होतं, "तिथे तोंड मिटून राहायचं." बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवायचे, आणि त्यांची जवळजवळ सगळी खोकी ह्याच कुलपांच्या कारखान्यात जायची. आत्या म्हणजे बाबांची सख्खी धाकटी बहीण. ती युनियनची प्रतिनिधी होती आणि तिलाही ह्याच कारखान्यात जायचं असायचं. दोघांच्या मध्ये म्यूट. त्यात शाळेची सहलही नेमकी इथेच आली, ह्याला तिचा नाइलाज होता.

मोठे साहेब हसले. त्यांचं हसू कारखान्यातल्या मालासारखं होतं, चकचकीत आणि लगेच बंद होणारं.

"खपत नाही असं कोण म्हणतं, बेबी? कायदाच आहे तसा. युनियनच्या माणसाकडे सरकारी परवाना हवा. आगाऊ नोटीस हवी. यायचं जेवणाच्या सुट्टीत, कामगारांशी बोलायचं जेवणाच्या खोलीत, आणि सुट्टी संपली की चालू पडायचं. मशीनपाशी फिरकायचं नाही. एवढं पाळल्यावर आम्ही अडवणारे कोण? आजच येतायत तुझ्या आत्या. मी खुर्च्यासुद्धा पुसून घेतल्यात."

म्यूटची हवाच गेली. साहेब तसे गोडच होते. सकाळपासून त्यांनी स्वतः फिरून कारखाना दाखवला होता. टेस्टिंगच्या टेबलापाशी तर त्यांनी मुलींना खो खो हसवलं होतं, "ह्या बायका दिवसभर कुलपं उघडून बघतात आणि दाबून लावतात. हाताला इतकी सवय की कुठेही उघडं कुलूप दिसलं की खट! पाहुण्यांकडे गेल्या तर पाहुण्यांचंच कुलूप लावून येतात, आणि पाहुणे बसतात बाहेर!"

आता पडलेलं तोंड लपवायला तिने नजर वळवली. टेबलामागे काचेची पेटी होती. आत लाल मखमल, मखमलीत पोट सुटलेल्या कुलपाच्या आकाराचा खोल खड्डा, आणि कुलूप मात्र नाही.

"ह्यातलं कुलूप कुठे गेलं?"

"तो आमचा सम्राट," साहेब म्हणाले. "कंपनीने बनवलेलं पहिलं कुलूप. पॉलिशला गेलाय."

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ गेटवरचे पहारेकरी मामा धापा टाकत दारात उभे राहिले.

"साहेब, जेवणाच्या खोलीला कुलूप लागलंय! आणि किल्ली कुणाकडेच नाही!"

२. ज्यांना येतं त्यांनाच बंदी

जेवणाची खोली अंगणाच्या टोकाला, पॉलिशच्या शेडच्या आडोशाला होती. दारासमोर सगळे कामगार डबे हातात घेऊन उभे होते. कोयंड्यात एक गोल, जाडजूड पितळी कुलूप लोंबत होतं. त्याच्याकडे सगळे असे बघत होते, जसं जेवायच्या पानावर बसलेल्या मांजराकडे बघावं.

"पण तुम्ही तर कुलपंच बनवता ना?" चष्मिष म्हणाली. "उघडा की!"

सगळ्यात म्हातारे पॉलिशकाका हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "पोरी, इथला कुणीही ते शिंक यायच्या आत उघडेल. पण गेटवरची पाटी वाचली नाहीस? किल्लीशिवाय कुलूप उघडणारा त्याच दिवशी घरी. कुलूपवाल्याने असं कुलूप उघडलं, तर आमचा माल कोण घेईल?"

म्हणून सगळ्यांनी हात आवरून धरले होते. एकाने बगलेत, एकाने खिशात. एक जण तर मोह नको म्हणून कुलपाकडे पाठ करून उभा होता, आणि त्याची बोटं पाठीमागे आपोआप वळवळत होती.

साहेब मात्र केबिनच्या पायऱ्या उतरलेच नाहीत. शेड मध्ये असल्यामुळे तिथून दार दिसतही नव्हतं. त्यांनी वरूनच हात पसरले, "मी काय करू? मी मुलींबरोबर होतो. कुलूप कुणी लावलं मला माहीत नाही, कसलं आहे तेही माहीत नाही. पण मला वेगळाच वास येतोय. आम्ही अडवलं असं दाखवायला युनियननेच तर लावलं नाही ना? तसं असेल, तर मी परवाना रद्द करायची मागणी करणार. आजच!"

म्यूट गेटकडे पळाली. आत्या गेटजवळच्या बाकावर ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, गळ्यात परवान्याचं कार्ड.

"आत्या, बसलीस काय अशी? चल ना!"

"कुठे चल? मला हक्क आहे तो त्या एका खोलीचा, आणि तोही भोंग्यापासून भोंग्यापर्यंत. मी उठून शेडमध्ये डोकावले, की झाली घुसखोरी. त्याला तेच तर हवंय."

"मग दुसरी खोली माग."

"मागितली. म्हणाला, हेड ऑफिसला विचारून कळवतो." आत्याने उसासा टाकला. "पॉलिशच्या शेडमधला धूळ ओढायचा पंखा कधीचा बंद आहे. तुझ्या त्या काकांचा खोकला ऐकलास ना? आज हे लोक हात वर करून ठरवणार होते, त्यांच्या वतीने कोणी बोलायचं ते. आज राहिलं आणि माझा परवाना गेला, तर पुन्हा आत यायला कोण आहे?"

म्यूटने मान खाली घालून पायाने एक खडा ढकलला. मग तिची मान वर झाली.

"आत्या, तुला एकाच खोलीचा हक्क आहे. मला कुठल्याच खोलीचा नाही."

"बरं मग?"

"म्हणजे मला काही नियमही नाहीत. मी सहलीला आलेय. मी हरवू शकते!"

"हे कुठल्याही कायद्यात नाही," आत्या म्हणाली. पण तोवर भाची हरवलीसुद्धा होती.

३. धरायचं की नाही धरायचं

पहिला नंबर पहारेकरी मामांचा.

"मी सकाळपासून गेटवरून हललेलो नाही," मामांनी छातीवर हात ठेवला.

"अजिबात?"

"अजिबात. म्हणजे तुमची बस आली, तेव्हा साहेब स्वतः आले. म्हणाले, मामा, रस्त्यावर जाऊन बसला जागा दाखवा. तेव्हा गेलो. ते हलणं धरायचं का?"

"धरायचं."

"तुमच्या ड्रायव्हरने मागे घेताना कचऱ्याचा डबा पाडला. तो उचलून भरला. तेही धरायचं?"

"मामा, सगळं धरायचं!"

"मग हललो," मामांनी कबूल केलं. "परत आलो तर जेवणखोलीच्या दारावर हे नवं कुलूप. पण उघडं होतं हं! दार ओढलेलं, कोयंडा लावलेला आणि त्यात कुलूप नुसतं अडकवलेलं. मला वाटलं, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलं असेल."

"मग दाराशी कोण कोण गेलं?"

मामा जरा घुटमळले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी आत्या गेली. मला विचारून, बाहेरूनच खोली बघून आली आणि बाकावर बसली. मग भोंग्याच्या जरा आधी टेस्टिंगच्या खटकाबाई हात धुवायला त्या बाजूने गेल्या. बस. लावताना कुणाला बघितलं नाही, इथून फक्त पाठ दिसते."

आत्या आणि खटकाबाई. आणि खटकाबाई म्हणजे, आत्या नेहमी सांगायची त्या, युनियन हवी म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या बाई! साहेबांचा संशय खराच ठरायचा, असं वाटून म्यूटला धस्स झालं.

ती चष्मिषला ओढत दारापाशी गेली. "चष्मा दे."

"का? मग मला दिसणार नाही!"

"तुला दिसून काय उपयोग? मला दिसायला हवं."

चष्मिषची भिंगं अशी जाड, की त्यातून मुंगी म्हशीएवढी दिसावी. म्यूटने चष्मा कुलपावर धरला. पितळ लखलखीत. ओरखडा नाही, कंपनीचा शिक्का जुन्या वळणाचा. आणि कडी जिथे पोटात शिरते त्या फटीत काहीतरी अडकलं होतं. एक लाल, मऊ, केसासारखा धागा.

"काय आहे?" आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखे हात पसरून चष्मिषने विचारलं. "मलाही सांग! म्यूट? अगं, ही तू आहेस की भिंत?"

म्यूट तोपर्यंत पॉलिशकाकांकडे गेली होती. "काका, साहेबांनी आज सम्राट तुमच्याकडे पॉलिशला दिलाय का?"

"मला?" काका हसले, खोकले, पुन्हा हसले. "सम्राट मी आजवर हातात घेतलेला नाही. साहेब स्वतःच्या रुमालाने पुसतात त्याला, तान्ह्या बाळासारखा. आम्ही केबिनमध्ये जातो ते बोलणी खायला. मान खाली. पेटीत काय आहे ते बघायचं कुणाला सुचतंय?"

म्यूटच्या डोक्यात एक कुलूप उघडलं. आणि लगेच दुसरं बंद झालं. कारण सम्राट साहेबांनी तिथे अडकवला असला, तरी तो लागला तेव्हा साहेब केबिनमध्ये तिच्यासमोर बसले होते. तिच्याच प्रश्नाला उत्तर देत होते.

४. खट

खटकाबाई टेस्टिंगच्या टेबलापाशी डोळे पुसत बसल्या होत्या. समोर उघड्या कुलपांची रांग होती.

"कोणत्या मेल्याने हे केलं असेल गं?" म्यूटला बघताच त्या सुरू झाल्या. "रात्रभर मी भाषण पाठ केलं! नवऱ्याला समोर बसवून म्हणून दाखवलं. तो झोपला, त्याला उठवून पुन्हा म्हणून दाखवलं. मी त्याला सोडणार नाही."

"नवऱ्याला?"

"कुलूप लावणाऱ्याला!"

"बाई, तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा ते कुलूप बघितलंत?"

"छे. माझं लक्षच नव्हतं. ओठांत भाषण चाललं होतं."

म्यूटने टेबलावरचं एक उघडं कुलूप सहज उचललं आणि बाईंच्या समोर धरलं. "भाषणाची सुरुवात काय आहे? म्हणा ना."

खटकाबाई उठल्या, पदर खोचला, डोळे छताकडे लावले. "बंधूंनो आणि भगिनींनो! आज आपण ज्या खोलीत जमलो आहोत..."

खट.

म्यूटने खाली बघितलं. कुलूप लागलं होतं. बाई बोलतच होत्या. म्यूटने गुपचूप दुसरं धरलं.

"...त्या खोलीत येण्याचा आपल्या प्रतिनिधीला कायद्याने..."

खट.

"...हक्क आहे! आणि तो हक्क जो कोणी..."

खट. खट. चष्मिषने उत्साहाच्या भरात दोन्ही हातांनी धरली होती.

"बाई," म्यूट हळूच म्हणाली, "तुमच्या हाताकडे बघा."

खटकाबाईंनी बघितलं. टेबलावर चार बंद कुलपं पडली होती. त्यांनी ती बघितली, मग आपला अंगठा बघितला, मग दाराबाहेर बघितलं. आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या.

"अगं बाई गं! मीच?"

"तुम्हीच."

"माझ्याच सभेला मीच कुलूप घातलं?" बाईंचे डोळे घळाघळा वाहू लागले. "आता साहेब म्हणणार, बघा, युनियनच्या बाईनेच लावलं. माझी नोकरी जाईल, तिचा परवाना जाईल. हा अंगठा तोडून टाकू का मी?"

"थांबा, अंगठा लागेल अजून." म्यूट एकदम उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. गणित सुटताना ते नेहमी व्हायचे. "चष्मिष, सकाळी इथे साहेब काय म्हणाले होते?"

"पाहुणे बाहेर बसतात."

"त्याच्या आधी!"

"उघडं कुलूप दिसलं की..." चष्मिषचं तोंड उघडंच राहिलं. कुणी दाबायला नको म्हणून ते तिने हाताने झाकलं.

"लावणारी एक आणि अडकवणारा दुसरा," म्यूट म्हणाली. "साहेबांना दार बंद हवं होतं. पण स्वतः लावलं असतं, तर ती सरळ अडवणूक झाली असती. म्हणून त्यांनी मामांना बसच्या मागे पाठवलं, किल्लीशिवायचा सम्राट उघडाच अडकवला आणि आम्हाला कारखाना दाखवून केबिनमध्ये जाऊन बसले. पुढचं काम कुणाच्या तरी अंगठ्याने होणार, हे त्यांना माहीत होतं. हात धुवायची वाट तिथूनच जाते ना? मखमलीतला खड्डा त्याच पोटाचा आहे. लाल धागा त्याच मखमलीचा आहे. आणि पॉलिशला गेलाय ही शुद्ध थाप आहे."

"मग सांग ना सगळ्यांना!" खटकाबाई ओरडल्या.

"सांगून काय होईल? ते म्हणतील, पेटीतून कुणीतरी चोरला असेल. किल्ली त्यांच्याकडे आहे आणि सुट्टी संपत आलीय." म्यूटने नखं चावली. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की चष्मिष दोन पावलं मागे सरकली. गेल्या वर्षीची म्यूट असं हसली नसती. "पण साहेब त्याला रुमालाने पुसतात ना?"

५. सम्राटाचा अपमान

साहेब अजून पायऱ्यांवरच होते. शेजारी विज्ञानाच्या बाई, समोर मुली, मागे रिकाम्या पोटी ताटकळलेले कामगार, आणि गेटपाशी बाकावर आत्या.

"साहेब, काळजीचं कारण नाही!" म्यूटने खणखणीत आवाज लावला. "कुलूप अगदीच फालतू निघालं."

"फालतू?" साहेबांची भुवई किंचित हलली.

"पत्र्याचं हो. वर पितळेचा रंग दिलाय नुसता. बाजारात टोपलीत ढीग घालून विकतात तसलं."

साहेबांचा गळा वरखाली झाला. "असेल. मी बघितलेलं नाही."

"चष्मिषने केसांतली पिन घातली, तर आत सगळं डगडगलं. हो की नाही गं?"

"हो," चष्मिष म्हणाली. तिला अभिनयाची संधी शाळेच्या नाटकात कधीच मिळाली नव्हती, ती सगळी हौस तिने आता फेडून घेतली. "आणि वास आला. गंजाचा. मला तर शिसारीच आली. कुठल्या भंगारवाल्याने बनवलंय कोण जाणे!"

साहेबांचं कपाळ लाल झालं. मग मान. मग कान.

"पॉलिशकाका म्हणतात," म्यूटने शेवटचा घाव घातला, "हे वितळवून चमचे करावेत."

"चमचे?" साहेब कडाडले. "सम्राटाचे चमचे? गंज? अरे, अख्खं भरीव पितळ आहे ते! वडिलांनी स्वतःच्या हाताने कानस मारलीय त्यावर! पिनच काय, तोफ लावा, उघडणार नाही! जगात एकच किल्ली आहे त्याची, आणि ती..."

त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशावर गेला आणि तिथेच थिजला.

 पॉलिशकाका बारीक खोकले.

"साहेब," म्यूट आता हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "तुम्ही तर कुलूप बघितलंच नव्हतं. मग तो सम्राट आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबांनी विज्ञानाच्या बाईंकडे बघितलं. बाई आकाशाकडे बघत होत्या.

गेटजवळून आत्याचा आवाज आला, "साहेब, ती किल्ली घेऊन तेवढं दार उघडता का? मी आले असते, पण मी बाकावर आहे. कायद्याने."

साहेब पायऱ्या उतरले. कोटाचं बटण काढलं, किल्ली बाहेर आली. "ही... आत्ताच सापडली," ते पुटपुटले. कुणी हसलं नाही. सगळे हसले ते साहेबांनी दार उघडून पाठ फिरवल्यावर, आणि मग असे हसले की शेडचा पत्रा थरथरला.

सुट्टी थोडीच उरली होती. आत्या खोलीत शिरली, उंबरठ्यापलीकडे एक बोटसुद्धा बाहेर न ठेवता. खटकाबाईंचं भाषण लांबच लांब होतं, पण आत्याने ते "मंजूर!" म्हणून अर्ध्यात आटोपलं. हात वर झाले. पॉलिशकाकांनी दोन्ही केले, तेव्हा त्यांचा एक खाली घ्यावा लागला. पुढचा भोंगा होईपर्यंत घास तोंडात आणि निर्णय पक्का झाला होता.

बसमध्ये चढताना बाई म्यूटच्या कानाशी लागल्या. "हुशार आहेस. पण आता पुरे. मी काही ऐकलेलं नाही. माझं लक्ष मुली मोजण्याकडे होतं."

"पण बाई, मोजायला आम्ही सगळ्या तुमच्यासमोरच तर होतो."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मोजायला लागल्या.

६. घरचे संशयित

म्यूट घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाबा खोक्यांच्या ढिगाशेजारी बसले होते. हातात फोन होता आणि चेहरा पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता.

"साहेबांचा फोन होता," ते म्हणाले. "त्यांनी तक्रार दिलीय. सम्राट त्यांच्या पेटीतून चोरला, युनियनने आपल्या बाईकडून, गेटवरच्या मामांनी दाराशी बघितलेल्या खटकाबाईंकडून, दाराला लावला, असं लिहून दिलंय. तुझ्या आत्याचा परवाना आणि त्या बाईंची नोकरी, दोन्हींचा निकाल उद्या कामगार कार्यालयात."

"पण ते खोटं आहे!"

"आणि ते असंही म्हणाले, की मुलगी लहान आहे, तिला आवरा. खोकी चांगली असतात तुमची, असंही म्हणाले. दोन्ही एकाच दमात."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातलं पातेलं ती कधीपासून तेच तेच पुसत होती.

फोन पुन्हा वाजला. आत्या होती. म्यूटने स्पीकर लावला.

"दादा, रागावू नकोस. मी पोरीला काही सांगायला लावणार नाही," आत्या म्हणाली. "सगळे कामगार बोलायला तयार आहेत. पण भोंग्याआधीच ती पेटी रिकामी होती, आणि साहेब स्वतः 'पॉलिशला गेलाय' म्हणाले, हे केबिनमध्ये बघितलं-ऐकलं ते फक्त शाळेच्या लोकांनी. शाळेच्या बाईंना आठवत नाही, बाकीच्या मुलींच्या घरचे नको म्हणतात. चष्मिषची आई म्हणते, आमच्या घरात कुणी ऑफिसांच्या पायऱ्या चढत नाही. बस, एवढंच सांगायचं होतं. ठेवते."

फोन बंद झाला. बाबांनी तो खोक्यांच्या ढिगावर पालथा ठेवला.

"तिला मी लहानपणापासून सांगतोय," बाबा म्हणाले, "लोकांच्या दारांत पाय घालू नकोस. ती घालते. तिचा पाय चेपतो, आणि दुखतं मला." त्यांनी एक अर्धवट खोकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडली. "उद्या त्यांनी दुसऱ्याकडून खोकी घेतली, तर ही मी कुणाला देऊ? सांग. तूच सांग, तुला हल्ली बोलता येतं."

ते वाक्य लागलं. म्यूटला गेल्या वर्षीची, नुसता हात वर करणारी ती आठवली. नुसतं "हं" म्हणावं, खोलीत जावं, दार लावून घ्यावं, म्हणजे सगळं शांत होईल. साहेब, बाई, बाबा, सगळेच.

पण मग खटकाबाई समोर आल्या, आपल्याच अंगठ्याकडे भेदरून बघणाऱ्या.

"बाबा," ती म्हणाली, "खोकी कुणाला द्यायची ते मला नाही माहीत. खरंच नाही. तुम्ही म्हणाल ते काम मी शाळेतून आल्यावर करीन, दारोदार फिरून विचारीन, माझा आवाज मोठा आहे."

"तो प्रश्न नाही," आई हळूच म्हणाली. पातेलं तिने खाली ठेवलं होतं. "तू काय ठरवलंयस, ते सांग."

म्यूटने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा आईकडे. आवाज थरथरेल असं तिला वाटलं होतं. तो थरथरला नाही.

"मी उद्या शाळेत जाणार नाही. मी कामगार कार्यालयात जाणार, आणि केबिनमध्ये जे बघितलं आणि ऐकलं, ते माझ्या तोंडाने सांगणार. ते ठरलंय. मला सोडायला तुमच्यापैकी कोण येतंय, तेवढं फक्त तुम्ही दोघं ठरवा."